अक्विल्लाचे घर : घरगुती कारखान्याची व्यवस्था

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १८:१–४, करिंथकरांस पहिले पत्र १४:४० व १६:१९, लूक १४:२८–३०.

पाठाचा उद्देश : घरात चालणाऱ्या लहान धंद्याची मांडणी कशी असावी, आणि ती नीट असणे हा दिलेल्या शब्दाचा व म्हणून साक्षीचा प्रश्न कसा आहे, हे समजून घेणे.



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ कुटुंबांचा निर्वाह शेतमजुरीबरोबरच घरी चालणाऱ्या एखाद्या लहान धंद्यावर होत असतो. कोणी शिवणकाम करतो, कोणी सुतारकी, कोणी चपला शिवतो, कोणी मसाले कुटून विकतो. ह्या धंद्यांविषयी व्यासपीठावरून आपण फारसे बोलत नाही. बोललो तर “उद्योगी असा, आळस टाका” एवढाच उपदेश करतो. तो उपदेश खरा आहे. परंतु तो पुरेसा नाही, हे मला एका विधवा भगिनीच्या घरी शिकावे लागले. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम शास्त्रपाठाकडे वळू.

१. तीन माणसे व एक धंदा

क्लौद्य कैसराने यहूद्यांस रोम शहर सोडावयास लावले, त्यांत अक्विल्ला व त्याची पत्नी प्रिस्किल्ला ही होती. ही गोष्ट इ. स. ४९ च्या सुमाराची मानतात. घरदार मागे टाकून ती दोघे करिंथास आली व तेथे त्यांनी पुन्हा आपला धंदा मांडला. पौल त्यांच्याकडे गेला व राहिला. तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. हे तंबू कातड्याचे असत की जाड कापडाचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु कापणे, जुळवणे व भक्कम शिवणे हे काम दोहोंसही लागतेच. करिंथ येथे १८९६ सालापासून उत्खनन चालू आहे. त्यात बाजारपेठेभोवती लहान लहान दुकानांच्या रांगा सापडल्या आहेत. तेथील कारागिरांपाशी मोठे वाडे नव्हते, असा त्यावरून बोध होतो.

पौल करिंथात दीड वर्ष राहिला. आठवडाभर हातांनी काम व शब्बाथ दिवशी सभास्थानात वाद-संवाद असा त्याचा क्रम होता. पुढे अक्विल्ला व प्रिस्किल्ला इफिसास गेली तेव्हा त्यांच्या घरी मंडळी जमत असे, आणि रोमास परतल्यावर तेथेही जमत असे. आता विचार करा. ज्या घरात धंदा चालतो त्याच घरात मंडळी भजनास बसावयाची, तर त्या घरात काही व्यवस्था असलीच पाहिजे. सुया, सुऱ्या व कापलेले तुकडे वाटेल तेथे पडलेल्या खोलीत लेकराबाळांसह कोण बसेल?

‘सर्व काही शोभेलसे व व्यवस्थेने होवो’ अशा अर्थाची पौलाची आज्ञा मंडळीच्या उपासनेविषयी आहे, हे खरे. परंतु ती लिहिणारा हात सुई धरणारा होता. व्यवस्थेची किंमत तो सभास्थानाइतकीच कामाच्या जागीही जाणत असला पाहिजे, असे मला वाटते.

२. एका ब्लाउजाची हकीकत

काही वर्षांपूर्वी माझ्या मंडळीतील एक विधवा भगिनी एका पायमशीनवर दोन मुलांचे पोट भरीत असे. लग्नसराईत जवळच्या वाडीतील एका नवरीचा ब्लाउज तिने शिवावयास घेतला व हळदीच्या दिवशी सकाळी देण्याचा शब्द दिला. आदल्या रात्री बारापर्यंत मशीन चालू होते. सकाळी पाहते तो एक बाही नाही! सगळे घर धुंडाळले. बाही दुपारनंतर वाकळांच्या चळतीखाली सापडली. तोपर्यंत नवरी दुसऱ्या कोणाचा ब्लाउज घालून हळदीस बसली होती. त्या वाडीचे एकही गिऱ्हाईक त्या हंगामात पुन्हा आले नाही. “प्रार्थना करणारी बाई, पण शब्दाची नाही,” असे बोलणे गावात झाले, ते माझ्याही कानी आले.

मी घाईने तिच्या घरी गेलो व उद्योगीपणावर चार शब्द सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “पाळकसाहेब, पहाटे पाचला उठते, रात्री बाराला निजते. ह्यात आळस कोठे बसतो तेवढे दाखवा, म्हणजे तो काढून टाकीन.” मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची परवानगी घेऊन तिच्या ओसरीवर बसलो आणि एक ब्लाउज शिवून होईपर्यंत ती किती वेळा व कशासाठी उठते, ते कागदावर टिपले. ती एकतीस वेळा उठली. कात्री मुलाने पुठ्ठा कापावयास नेली होती. हूक मसाल्याच्या डब्यात होते. इस्त्री घराच्या दुसऱ्या टोकास होती. कापड बेतण्यासाठी दर वेळी खाट उचलून जमीन मोकळी करावी लागे, आणि जेवणवेळ झाली की बेतलेले तुकडे उचलून कोठेतरी ठेवावे लागत. बाही हरवली ती अशीच. आळस त्या घरात नव्हता. प्रत्येक वस्तूस ठरलेली जागा नव्हती, आणि त्यामुळे त्या बाईचे अर्धे कष्ट वाया जात होते. तिला उपदेश करण्याआधी मी हे पाहावयास हवे होते.

प्रचारक बंधूंनो, ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून ती येथे लिहिली आहे.

३. जागा, उजेड व टेबल

घरगुती कारखान्यास निराळी खोली पाहिजेच असे नाही. आठ फूट लांब व आठ फूट रुंद एवढा एक कोपरा पुरतो. मात्र तो कोपरा कायमचा कामाचा असावा. रोज मांडावयाचे व रोज उचलावयाचे असे काम अर्धे मांडण्याउचलण्यातच संपते.

कोपरा निवडताना प्रथम उजेड पाहावा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर बहुतेक सारखा असतो व त्यात ऊन डोळ्यांवर येत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली सुईवर पडत नाही. रात्री काम करणे भाग असल्यास छतावरच्या दिव्यावर भिस्त न ठेवता एक लहान एलईडी दिवा सुईजवळ असावा. त्यास वीज थोडी लागते व डोळ्यांचा ताण पुष्कळ कमी होतो.

कापड जमिनीवर बसून बेतल्याने कंबर जाते. त्याकरिता टेबल पाहिजे. आमच्या भगिनीसाठी टेबल विकत आणले नाही. पडक्या घराचा एक जुना दरवाजा मिळाला, त्यास रंधा मारून दोन घोड्यांवर ठेवला, वर जाड चादर ताणून बसवली. टेबलाची उंची दुसऱ्याचे पाहून ठरवू नये. आपण सरळ उभे राहून कोपर वाकवावे, आणि कोपरापासून तीन-चार इंच खाली टेबलाची पाठ यावी. पुष्कळांस ही उंची ३३ ते ३६ इंच भरते. टेबलाच्या खालची जागा फुकट दवडू नये. तेथे ट्रंका राहतात.

४. काम एका दिशेने वाहावे

ओढ्याचे पाणी जसे एका दिशेने जाते, तसे घरात काम जावे. कापड दारातून आत येते. ते ठेवण्याची फळी दाराशी असावी. तिच्यापुढे बेतण्याचे टेबल, टेबलाशेजारी मशीन, मशीनपुढे हूक-काज-बटणाची बैठक, मग इस्त्री, आणि शेवटी तयार कपड्यांची दोरी किंवा फळी, तीही पुन्हा दाराशी. टेबल, मशीन व इस्त्री ही तीन ठिकाणे एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर असली म्हणजे वळले की हात पोहोचतो.

हा काही पावलांचा कंजूषपणा आहे, असे कोणास वाटेल. तर हिशेब करून पाहू. समजा, इस्त्री मशीनपासून दहा फूट लांब आहे. जाऊन येऊन वीस फूट झाले. एका ब्लाउजास पंधरा खेपा धरल्या तर ३०० फूट होतात. दिवसास पाच ब्लाउज धरले तर १,५०० फूट. आणि वर्षात ३०० दिवस काम केले तर साडेचार लाख फूट, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर. अहिल्यानगराहून पायी निघालेला मनुष्य एवढ्या चालीत पुणे गाठून पुढे जाईल! त्या बाईने हा प्रवास घरातल्या घरात केला, आणि त्याची मजुरी तिला कोणीही दिली नाही.

दुसरी गोष्ट, सारखे काम एकत्र करावे. चार ब्लाउज असतील तर प्रथम चारही बेतावे, मग चारही खांदे जोडावे, मग बाह्या लावाव्या. दोरा वारंवार बदलावा लागू नये म्हणून एका रंगाचे कपडे ओळीने घ्यावे, आणि सकाळीच त्या त्या रंगाच्या बॉबिनी भरून ठेवाव्या.

हाच नियम इतर धंद्यांसही लागू आहे. सुताराचे लाकूड एका बाजूने आत यावे. करवत, रंधा, जोडकाम असे करीत दुसऱ्या बाजूने बाहेर जावे, आणि पॉलिशची जागा भुशापासून लांब असावी. मसाले करणाऱ्या भगिनीने निवडलेले व न निवडलेले धान्य कधीही एका बाजूस ठेवू नये.

५. हत्यारे

हत्यारांकरिता भिंतीवर एक फळी ठोकावी. तीवर कात्री, टेप, पट्टी, पेचकस यांसाठी खिळे मारावे, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची आकृती खडूने किंवा रंगाने काढून ठेवावी. संध्याकाळी आकृती उघडी दिसली म्हणजे त्या जागेचे हत्यार परत आलेले नाही, हे लहान मुलासही कळते. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, कारण तिची धार जाते. कागदासाठी दुसरी स्वस्त कात्री असावी, व तिला रंगीत दोरी बांधावी.

सुई कापड पाहून लावावी. पातळ कापडास ११ नंबरची, साध्या सुती कापडास १४ नंबरची आणि जाड कापडास १६ नंबरची सुई चालते. बोथट सुई टाके सोडते व कापडाचे धागे ओढते. दोन-चार रुपयांची सुई वाचवताना गिऱ्हाइकाचे दोनशे रुपयांचे कापड खराब होऊ देऊ नये. रोज काम संपल्यावर सुईखालच्या पत्र्याभोवती साठलेला कापसाचा गाळ ब्रशाने काढावा. तेल घातल्यावर प्रथम चिंधी शिवावी, म्हणजे तेलाचा डाग परक्याच्या कापडावर पडत नाही.

६. परक्याचे कापड ही ठेव आहे

गिऱ्हाईक कापड देऊन जाते, ते विश्वासाने देते. म्हणून कापड हाती येताच, गिऱ्हाईक समोर असतानाच, ते उलगडून मोजावे. डाग किंवा फाट असल्यास दाखवावी. वहीत तारीख, नाव, मापे, ठरलेली मजुरी, मिळालेली उचल व देण्याचा दिवस ही सर्व लिहावी. ज्यास लिहिता येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाकडून लिहवून घ्यावे. मग त्या कापडाची निराळी पिशवी करावी, तीत नाव-तारखेची चिठ्ठी घालावी, व बेतलेले सर्व तुकडे काम पुरे होईपर्यंत त्याच पिशवीत राहतील असा नियम ठेवावा. बाही हरवण्याचे कारण ह्या एका नियमाने नाहीसे झाले. उंदरांपासून रक्षण व्हावे म्हणून पिशव्या रात्री पत्र्याच्या ट्रंकेत ठेवाव्या. सुती कापड धुतल्यावर आटते. यास्तव ते आधी भिजवून वाळवून मग बेतावे, किंवा तसे गिऱ्हाइकास सांगावे. उरलेले कापड, मग ते वीतभर का असेना, परत द्यावे.

देण्याचा दिवस सांगताना वही उघडून हातातील कामे मोजावी, आणि त्यावर आणखी दोन दिवस धरावे. मुलास ताप येतो, वीज जाते, पाहुणे येतात. ज्याने हे दिवस धरले नाहीत त्याने खोटे बोलण्याचे मनात आणले नसले, तरी त्याच्या तोंडून खोटे निघतेच. मनुष्य खुशामतीने “उद्या देतो” म्हणतो व उद्या पुन्हा “उद्या” म्हणतो. गाव आपले भजन आठवड्यातून एकदा ऐकते, पण आपला शब्द रोज पारखते.

७. विस्तव, वीज व मुले

कारखाना घरात असल्याने घरातील धोके कारखान्यास व कारखान्यातील धोके घरास लागतात. चूल, गॅस व तेलाचे डबे कापडापासून दूर असावे. इस्त्रीस बहुधा ७५० ते १,००० वॅट वीज लागते. ती दिव्याच्या बारीक वायरीवर लावू नये, तीन पिनांच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावावी. उठून जाताना, मग ते दारावर आलेल्या मनुष्याशी बोलण्यापुरते का असेना, बटण बंद करावे.

कामाच्या कोपऱ्याभोवती जमिनीवर एक पांढरी रेघ ओढावी व लहान मुलांनी ती ओलांडू नये असा दंडक घालावा. सुया व टाचण्या झाकणाच्या डबीत असाव्या, आणि दिवसाच्या शेवटी एक लोहचुंबक जमिनीवरून फिरवावा. काम नसताना पायमशीनचा पट्टा चाकावरून उतरवून ठेवावा, म्हणजे मुलांची बोटे त्यात अडकत नाहीत.

८. आधी बसून हिशेब

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने शिष्यत्वाविषयी बोलताना सांगितले. त्याने हा दाखला घेतला, कारण ऐकणाऱ्यांस तो पटणारा होता. आपणही बसून हिशेब करू.

समजा मशीन ९,००० रुपयांचे आहे व ते पाच वर्षे चालेल असे धरले. वर्षास १,८०० व महिन्यास १५० रुपये झाले. महिन्यास ६० कपडे शिवले, तर प्रत्येक कपड्यामागे अडीच रुपये मशीनचे आहेत. दोरा, हूक, अस्तर, वीज यांचा खर्च निराळा. आणि आपली मजुरी त्याहून निराळी. पुष्कळजण आलेले सर्व पैसे मजुरीच समजून खातात, आणि मशीन मोडले की सावकाराकडे धावतात. दोन डबे ठेवावे, एक धंद्याचा व एक घराचा. प्रत्येक कपड्यामागे साहित्याचा व मशीनचा वाटा प्रथम धंद्याच्या डब्यात टाकावा. राहील ते घराचे. देवाचा वाटा घराच्या डब्यातून द्यावा, गिऱ्हाइकाच्या उचलीतून देऊ नये, कारण ती उचल काम पुरे होईपर्यंत आपली नव्हे.

कर्जाविषयी दोन शब्द. भारत सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ पारंपरिक धंदे घेतले असून शिंपी, सुतार, चर्मकार, लोहार, कुंभार हे त्यांत आहेत. थोड्या दिवसांचे शिक्षण, शिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रूपरेषा आहे. एका कुटुंबातील एकासच लाभ मिळतो. नावनोंदणीस पैसे पडत नाहीत. मध्यस्थ मागू लागल्यास देऊ नये. अटी मात्र स्वतः सेवा केंद्रावर जाऊन विचाराव्या. तरी माझी विनंती अशी की, आधी कोपरा नीट लावावा, तीन महिने वही लिहावी, आणि मग कर्जाचा विचार करावा. ज्या घरात एका मशीनचे काम हरवते त्या घरात दोन मशीनचे काम दुप्पट हरवेल, आणि हप्ता मात्र ठरल्या दिवशी येईल.

९. झाकलेले मशीन

घरातल्या कारखान्याचा मोठा दोष हा की, त्यास दार लावून घरी जाता येत नाही. म्हणून वेळेचीच भिंत घालावी लागते. काम सुरू करण्याची व बंद करण्याची वेळ ठरवावी. गिऱ्हाइकांसही ती सांगावी. बंद झाल्यावर मशीनवर कापड घालावे, आणि शनिवारी संध्याकाळी घातलेले कापड सोमवारपर्यंत काढू नये. पुरुषांनीही हे ध्यानात घ्यावे की, घरात कारखाना चालवणारी स्त्री दिवसभर दोन कामे करीत असते. पाणी भरणे, मुलांकडे पाहणे यांतील वाटा नवऱ्याने उचलला नाही, तर कोणतीही मांडणी तिला वाचवू शकणार नाही. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांची नावे शास्त्रात नेहमी बरोबरच येतात, हे विसरू नये.

हातांचे काम व विश्वास यांचा हा संबंध आपल्या महाराष्ट्रास नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराश्रित स्त्रियांस विणकाम, शिवण व छापखान्याचे काम शिकवले, ते त्यांनी कोणाच्या दयेवर न जगता मानाने उभे राहावे म्हणूनच.

आता त्या भगिनीविषयी सांगून पुरे करतो. दरवाजाचे टेबल, भिंतीवरची फळी, पिशव्या व वही एवढेच तिच्या घरात नवे झाले. मशीन तेच राहिले. रात्रीचे काम पुष्कळ कमी झाले. तरी गेलेला शब्द लवकर परत येत नाही. त्या वाडीचे पहिले गिऱ्हाईक यावयास दोन वर्षे लागली. ज्या नवरीचा ब्लाउज राहिला होता तिचीच आई आपल्या धाकट्या मुलीचे कापड घेऊन आली. आमच्या भगिनीने वही उघडली, कामे मोजली व म्हणाली, “मावशी, रविवार सोडून बारा दिवस लागतील.” कपडा अकराव्या दिवशी तयार होता.

दर बुधवारची प्रार्थनासभा आता त्याच घरी भरते. टेबलाचा दरवाजा भिंतीस टेकवून उभा करतात, घोडे बाहेर ठेवतात, मशीन झाकतात, आणि वीस माणसे सुखाने बसतात.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या घरच्या धंद्यात एक वस्तू तयार होईपर्यंत आपण किती वेळा व कशासाठी उठतो? एक दिवस टिपून ठेवा.

२. गेल्या सहा महिन्यांत आपण दिलेला कोणता शब्द मोडला? तो आळसाने मोडला की अव्यवस्थेने?

३. एखाद्या कष्टी मनुष्यास उपदेश करण्यापूर्वी त्याचे काम पाहण्यास आपण किती वेळ देतो? हा प्रश्न विशेषेकरून पाळक व प्रचारक यांनी स्वतःस विचारावा.

४. आपल्या घरात उद्या मंडळी जमावयाची असेल, तर काय काय उचलावे लागेल, आणि ते कोठे ठेवाल?